पातेलं कशाचं आणि झाकण कशाला?

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये एकाच भांड्याला चार नावं आहेत. मुंबई-कोकणातली मुलं त्याला टोप म्हणतात, नागपूर-अमरावतीकडची गंज म्हणतात, आम्ही मराठवाड्यातले भगुणं म्हणतो आणि पुणे-सातारकर मंडळी पातेलं. फर्स्ट इयरला असताना 'तो गंज घेऊन ये' असं ऐकून एक मुंबईकर लोखंडाचा गंज शोधायला वर्कशॉपकडे निघाला होता, अशी दंतकथा अजून सांगितली जाते. त्याच भांड्याला दांडा आणि चोच लावून छोटं केलं की ते चहाचं सॉसपॅन होतं. ते कोणकोणत्या खोलीत आहे, याची यादी मी इथे देत नाही. रेक्टर सरही हा अंक वाचतात.

नावावरून आम्ही भांडतो, पण ते भांडं कशाचं आहे आणि त्यावर झाकण आहे की नाही, हे मात्र कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. टी.ई. मेकॅनिकलला असताना माझ्या गळ्यात मेस सेक्रेटरीपद पडलं आणि मग बघावंच लागलं. त्या वर्षात मी दोन चुका केल्या. एक कागदावर सापडली, दुसरी पोटात. दोन्हींतून जे शिकलो, ते मित्रहो, तुमच्यापुढे मांडतो. यातलं बरंचसं आपल्या हीट ट्रान्स्फरच्या आणि मेटलर्जीच्या सिलॅबसमध्येच आहे. फक्त तिथे त्याला 'पातेलं' न म्हणता 'प्लेन वॉल' म्हणतात.

सुरुवात कुठून झाली

आमची मेस विद्यार्थ्यांनीच चालवायची असते. किराणा, भाजी, गॅस, मावशींचे आणि आचाऱ्याचे पगार, सगळ्याची बेरीज करायची आणि डोक्यांनी भागायचं. दिवाळीनंतरच्या महिन्यात भागाकाराचं उत्तर एवढं मोठं आलं, की नोटीस बोर्डावर बिल लावायला मला धीर होईना. सगळ्यात जास्त फुगला होता गॅसचा आकडा.

बिल लावलं त्याच संध्याकाळी फर्स्ट इयरचा एक मुलगा खोलीवर आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, एक वेळची मेस लावता येईल का?" कारण मी विचारलं नाही. त्याच्या घरी कोरडवाहू शेती आहे, हे मला ठाऊक होतं. एक वेळची मेस म्हणजे दुसऱ्या वेळी बिस्किटं आणि पाणी, हेही ठाऊक होतं. "बघतो," म्हणालो आणि रात्रभर बघत बसलो.

सकाळी मला उत्तर सुचलं होतं. मेसमधली पातेली स्टीलची. स्टील हे उष्णतेचं वाईट वाहक आणि तांबं उत्तम वाहक. तेव्हा स्टीलची पातेली बदलून तांब्याच्या बुडाची घ्यावीत, म्हणजे उष्णता भराभर आत जाईल आणि गॅस वाचेल. भांड्यांच्या दुकानातून मी कोटेशनसुद्धा आणलं. मेस कमिटीपुढे ठेवण्याआधी मावशींना दाखवलं. त्यांनी कागदाकडे न बघताच विचारलं, "आरं बाबा, भांडी कशाला बदलतोस? झाकणं कुठं हायती आपल्याकडं?"

खरंच नव्हती. कुठल्या पातेल्यावर परात तिरकी ठेवलेली, कुठल्यावर वेळणी, बहुतेकांवर काहीच नाही. मूळची झाकणं काही हरवली होती, काही चेपली होती आणि एक गॅदरिंगच्या नाटकात ढाल म्हणून गेलं ते परत आलंच नव्हतं. तरीही मावशींचं म्हणणं मला पटलं नाही. हीट ट्रान्स्फरमध्ये चांगले मार्क होते माझे. त्यांना चूक ठरवायचं म्हणूनच मी जर्नलच्या मागच्या पानावर गणित मांडायला घेतलं.

पहिलं गणित : धातू किती अडवतो?

ज्योतीची उष्णता पाण्यात पोहोचायला तीन अडथळे ओलांडते. एक, गरम वायूपासून भांड्याच्या बुडापर्यंत. दोन, बुडाच्या धातूतून. तीन, धातूपासून पाण्यापर्यंत. तिन्ही अडथळे एकामागे एक, म्हणजे सिरीजमधले रेझिस्टन्स. बेरीज केली की झालं.

उष्णतावाहकतेचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. वॅट प्रति मीटर केल्विन या एककात तांबं सुमारे ४००, शुद्ध ॲल्युमिनियम २३७, पितळ ११० ते १२०, बिडाचं लोखंड ५० च्या आसपास आणि आपलं १८/८ स्टेनलेस स्टील फक्त १६. म्हणजे तांबं स्टीलच्या पंचवीस पट सरस. माझं कोटेशन याच आकड्यावर उभं होतं.

आता अडथळे बघा. गॅसच्या गरम वायूचा हीट ट्रान्स्फर कोएफिशंट सढळ हाताने १०० वॅट प्रति चौरस मीटर केल्विन धरला, तर एक चौरस मीटरमागे पहिला अडथळा ०.०१. बुडाचं स्टील १ मिलिमीटर जाड धरलं, तर दुसरा अडथळा ०.००१ भागिले १६, म्हणजे ०.००००६. आत पाणी उकळत असेल तर तिसरा अडथळा फार तर ०.०००५. एकूण बेरीज सुमारे ०.०१०५६. यात स्टीलचा वाटा किती? हजारातले सहा भाग! स्टील काढून तांबंच काय, हिरा बसवला तरी वाचणार ते एवढंच.

मी दोनदा तपासलं. पॉइंट चुकला नव्हता. एस.टी. स्टँडपासून होस्टेलपर्यंत चार किलोमीटर चिखलाचा रस्ता आणि शेवटी पंचवीस मीटर फरशी, असा हा प्रकार आहे. फरशीच्या जागी संगमरवर घालून कोणी लवकर पोहोचत नाही. खरा अडथळा ज्योत आणि बूड यांच्या मधल्या हवेत आहे. धातू बदलून गॅस वाचत नाही. कोटेशन मी गादीखाली सरकवलं.

दुसरं गणित : झाकण किती अडवतं?

एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ४.१९ गुणिले ७५, म्हणजे सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर पाणी १०० अंशांवर उकळून पूर्ण वाफ होऊन जायला २२५७ किलोज्यूल. ही सुप्त उष्णता आपण बारावीपासून घोकतो. आता पहिल्या आकड्याने दुसऱ्याला भागा. उत्तर सातच्या थोडं वर येतं. म्हणजे उघड्या पातेल्यातून एक लिटर पाणी उडून गेलं, तर तेवढ्याच उष्णतेत सात लिटर थंड पाण्याला आधण आलं असतं!

गॅसच्या भाषेत सांगायचं तर एक किलो एल.पी.जी. जळून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता देतो. त्यातली निम्मी भांड्यापर्यंत पोहोचते असं धरलं, तर उडालेल्या एका लिटरमागे जवळजवळ १०० ग्रॅम गॅस गेला. आमच्या मेसमध्ये भात, वरण, उसळ, आमटी, चहा या सगळ्यांच्या पातेल्यांतून मिळून दिवसाला सहा लिटर पाणी विनाकारण उडतं असं समजा. महिन्याला १८ किलो गॅस. मेसचं सिलेंडर १९ किलोचं असतं. मेसच्या छतावरचं ते काळपट ओल धरलेलं वर्तुळ आम्ही रोज बघत होतो. आमचं एक सिलेंडर महिन्याला तिथे जात होतं.

आता झाकण ठेवल्यावर काय होतं ते बघू. वाफ झाकणाला लागते, तिथे तिचं पाणी होतं आणि थेंब परत आत पडतात. वाफेने सोडलेली उष्णता झाकणातून बाहेरच्या हवेत जाते, पण फार हळू. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर. स्थिर हवेचा कोएफिशंट १० आणि तापमानातला फरक ६५ अंश धरला तर वरून जाणारी उष्णता १३० वॅट. म्हणजे तासाला जेमतेम पाव लिटर पाण्याची वाफ व्हावी एवढी. शेगडी आत कित्येक किलोवॅट ओतत असताना हा तोटा म्हणजे काहीच नाही.

मात्र इथे एक मोठी मेख आहे आणि ती मावशींना माहीत होती, मला नव्हती. झाकण ठेवलं आणि गॅस मोठाच ठेवला तर काही वाचत नाही. वाफ झाकण थडथड उडवत बाजूने निघून जाते. पाणी एकदा उकळलं की ते १०० अंशांच्या वर जात नाही. पुण्याच्या उंचीवर तर ते ९८ अंशांच्या आसपासच थांबतं. खालची ज्योत दुप्पट केली तरी डाळीला त्याचा पत्ताही लागत नाही, फक्त वाफ दुप्पट होते. म्हणून आधण येईपर्यंत झाकण आणि मोठी आंच, आधण आलं की झाकण तसंच आणि आंच एकदम मंद. बचत झाकणाने शक्य होते, पण ती होते गॅसची चावी फिरवल्यावर.

दुपारी मी मावशींकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचं बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "त्याला येवढं कागद कशाला लागलं?"

मग धातू कशासाठी बघायचा?

गॅससाठी नाही, तर अन्नासाठी. धातू तीन कामं करतो. तळाची उष्णता चहूकडे पसरवतो, ती धरून ठेवतो आणि अन्नाशी एक तर भांडतो किंवा भांडत नाही. भांडं निवडताना हे तीन प्रश्न विचारावेत.

स्टेनलेस स्टील : शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली न गंजणारं क्रोमियमयुक्त पोलाद बनवलं. आपल्या भांड्यांवर १८/८ असं लिहिलेलं असतं, ते १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बनवतो आणि तोच थर खालच्या लोखंडाला वाचवतो. आंबट, खारट, सगळं यात चालतं. रात्रभर ठेवलेलं ताकही बिघडत नाही. उणीव एकच, उष्णता पसरत नाही. पाऊण-एक मिलिमीटर पत्र्याच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर गोल डाग पडतो आणि दूध, पिठलं, खीर तिथेच लागते. ०.८ मिलिमीटर स्टील आणि ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम यांची जाडी गुणिले वाहकता काढून बघा. पसरवण्याच्या बाबतीत ॲल्युमिनियम पन्नास पटींहून पुढे आहे. म्हणूनच चांगल्या सॉसपॅनच्या बुडाशी स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनियमची जाड चकती दाबलेली असते. नुसता तांब्याचा मुलामा दिलेलं बूड दिसायला छान, पण तो थर इतका पातळ असतो की त्याने फारसा फरक पडत नाही. माझं कोटेशन त्याचंच होतं.

स्टीलबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. मीठ नेहमी उकळत्या पाण्यात घाला. थंड पाण्यात तळाला बसलेल्या मिठातले क्लोराइड त्या संरक्षक थराला बारीक खड्डे पाडतात. दुसरं म्हणजे, 'लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील चांगलं' ही समजूत अर्धीच खरी आहे. १८/८ ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. चुंबकाचा खरा उपयोग इंडक्शनसाठी भांडं निवडताना होतो. बुडाला चुंबक चिकटलं तरच ते भांडं इंडक्शनवर चालेल.

ॲल्युमिनियम : हलकं, स्वस्त आणि उष्णता छान पसरवणारं. मेसच्या भाताला याच्यासारखं भांडं नाही. १८८६ साली हॉल आणि हेरू या दोघांनी वेगवेगळ्या देशांत बसून विजेने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली आणि तो सामान्यांच्या घरात आला. त्याच्यावरही ऑक्साइडचा थर असतो, पण तो आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांचे पदार्थ त्यात शिजवू नयेत आणि शिजवलेच तर ठेवू तरी नयेत. धुण्याच्या सोड्याने घासलं की भांडं काळं पडतं, त्याचं कारणही हेच.

लोखंड : उष्णता पसरवण्यात मध्यम, पण जड असल्याने ती धरून ठेवण्यात पक्कं. म्हणून तवा आणि कढई त्याची. आंबट भाजीत थोडं लोखंड उतरतं. भाजी काळपट होते, पण ते लोह अंगाला लागतं. मात्र धुऊन पुसलं नाही तर त्यावर विदर्भातला नाही, खराखुरा गंज चढतो.

नॉन-स्टिक : आतला थर पी.टी.एफ.ई. या प्लॅस्टिकचा. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला ते १९३८ साली अपघातानेच सापडलं. २६० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही, पण रिकामं भांडं मोठ्या आंचेवर विसरलं तर त्यापुढे जायला वेळ लागत नाही आणि मग निघणारी वाफ फुफ्फुसांना घातक असते. त्यामुळे यात मंद आंच, लाकडी उलथणं आणि विसरभोळ्यांना प्रवेश बंद.

दुसरी चूक : कळकलेलं सार

तांब्या-पितळेचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते मी अनुभवाने शिकलो.

मेसच्या कोठीत एक जुनं पितळी तपेलं होतं, पंगतीच्या काळातलं. घासलं की सोन्यासारखं दिसे. गॅदरिंगच्या जेवणाला थाट हवा म्हणून मी ते बाहेर काढायला लावलं आणि त्यात आमसुलाचं सार करायचं ठरवलं. मावशी त्या दिवशी गावी गेल्या होत्या. सार झालं, तासभर तपेल्यातच राहिलं. वाढायच्या आधी मी आणि कमिटीतल्या दोघांनी वाटी वाटी चाखलं. तोंडाला धातूसारखी चव आली, जीभ आखडल्यासारखी झाली. अर्ध्या तासात तिघांनाही मळमळून उलट्या सुरू झाल्या. सार ओतून दिलं. दोनशे मुलांपुढे ते गेलं नाही, ही आमची नशिबाची गोष्ट. ती रात्र आम्ही कॉलेजच्या डिस्पेन्सरीत काढली. डॉक्टर फार बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "इंजिनिअर ना तुम्ही?"

मावशी परत आल्यावर त्यांनी तपेल्यात हात फिरवला आणि एका शब्दात निदान केलं : "कळकलं." तपेल्याची कल्हई केव्हाच उडाली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळाले की तांब्याचे क्षार अन्नात उतरतात आणि जास्त झाले की पोट ते लगेच बाहेर फेकतं. आपल्या भाषेने या प्रकाराला स्वतंत्र क्रियापद ठेवलंय, यावरून तो किती जुना आणि नेहमीचा आहे, ते कळतं.

त्यावरचा उपायही तितकाच जुना, कल्हई. कल्हईवाला भात्याने कोळसे फुलवतो, भांडं तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल धातूवरचा ऑक्साइड काढून टाकतं. सोल्डरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण फ्लक्स लावतो, तोच हा. मग कथलाचा तुकडा फिरवला की वितळलेलं कथील चकचकीत पसरतं आणि भांडं पाण्यात बुडवलं की 'चर्र' होतं. कथील २३२ अंशांनाच वितळतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात रस्सा, आमटी, दूध करावं, पण ते रिकामं तापवू नये आणि त्यात तळण तर नकोच. तळणीचं तेल १८० अंशांच्या पुढे असतं आणि जरा दुर्लक्ष झालं की कल्हईच्या हद्दीत शिरतं. शिवाय कथलात शिशाची भेसळ नसावी, हे खात्रीच्या माणसाकडून बघून घ्यावं.

तांब्या-पितळेची निंदा मात्र मला करायची नाही. उष्णता पसरवण्यात तांब्याला तोड नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलात तर मठारकाम बघून या. हातोडीच्या एकेका ठोक्याने भांड्यावर चकाकते ठसे उठतात. ते फक्त शोभेसाठी नसतात. ठोकल्याने मऊ तांबं कडक होतं. आपण पेपरात 'वर्क हार्डनिंग'वर चार मार्कांची टीप लिहितो, ती त्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या कानांना ऐकू येते आहे.

झाकणांचे प्रकार आणि रीती

झाकण सपाट असेल तर थेंब मध्येच पडतात, घुमटासारखं असेल तर कडेने ओघळतात. काचेच्या झाकणातून आत दिसतं, त्यामुळे सारखं उघडून बघायची गरज उरत नाही. पण ती काच कडक केलेली असली तरी तापलेली असताना थंड पाण्याखाली धरली की फुटू शकते. झाकणाची मूठ बहुधा बेकेलाइटची असते. लिओ बेकलंड याने १९०९ साली पेटंट घेतलेलं हे प्लॅस्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही आणि उष्णताही फारशी वाहत नाही.

घरोघरची एक रीत मला फार आवडते. सुकी भाजी मंद आंचेवर शिजवताना आई खोलगट झाकणात किंवा ताटात पाणी घालून ते वर ठेवते. मला ते लहानपणी वजनासाठी वाटायचं. पण ते चक्क रिफ्लक्स कंडेन्सर आहे! वरच्या पाण्याने झाकण थंड राहतं, भाजीची वाफ तिथे पाणी होऊन परत भाजीत पडते आणि वेगळं पाणी न घालता भाजी स्वतःच्याच रसात शिजते. भाजी कोरडी वाटली तर वरचं कोमट झालेलं पाणीच आत घालायचं. केमिकलच्या लॅबमध्ये याच कामासाठी काचेची नळी आणि नळाला जोडलेला पाइप लागतो.

आणि झाकणाचा थोरला भाऊ म्हणजे प्रेशर कुकर. देनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे झाकण घट्ट आवळलेलं भांडं मांडलं. पुढे सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच बसवला. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो. वातावरणापेक्षा एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ मुकाट्याने शिजते. शिट्टीचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर एवढा दाब तोलायला ७० ग्रॅमचं वजन पुरतं. गणित करून बघा, व्हायव्हाला उपयोगी पडेल. म्हणूनच शिट्टीवर आणखी वजन ठेवणं किंवा भोक तुंबलेलं असताना कुकर लावणं म्हणजे बॉम्ब बनवणं आहे.

झाकण कुठे ठेवू नये हेही सांगतो. दुधावर नको. सायीखाली वाफ कोंडते आणि दूध क्षणात वर येतं. पालेभाजीवर पहिली काही मिनिटं नको. भाजीतली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर जाऊ द्यावीत, नाहीतर ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात आणि पालक खाकी होतो. भात-वरण फेसावर असताना झाकण किंचित तिरकं हवं. तळणीवर तर मुळीच नको. झाकणाचे थेंब तेलात पडून तेल अंगावर उडतं.

पण तेलाने पेट घेतला तर मात्र झाकणासारखा मित्र नाही. गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवत कढईवर पूर्ण बसवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. पाणी चुकूनही ओतू नका. ते तेलाखाली जाऊन एकदम वाफ होतं आणि जळतं तेल छताला भिडतं. आणि रोजचं पातेलं उघडताना झाकणाची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाईल. किलोमागे २२५७ किलोज्यूल बाळगणारी ही वाफ हातावर पाणी होते, तेव्हा ते सगळे हातालाच देते. त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा ती जास्त भाजते, ते याचमुळे.

शेवटी

कमिटीपुढे मी तांब्याच्या बुडांचं कोटेशन ठेवलंच नाही. आठ ॲल्युमिनियमची झाकणं आणि चार सांडश्या, एवढीच खरेदी मांडली. आंबटासाठी दोन स्टीलची पातेली वेगळी काढली आणि त्यांच्या कानावर लाल रंगाचा ठिपका दिला. पितळी तपेल्याला कल्हई करून घेतली. आता ते दुधाला वापरतो. शेगडीजवळ भिंतीवर एक पाटी लावली : 'आधण आलं? चावी फिरवा.' अक्षर माझं, मजकूर मावशींचा.

महिनाअखेर एक भरलेलं सिलेंडर कोठीत शिल्लक होतं. माझं गणित ग्रॅमला ग्रॅम जुळलं, असं मी म्हणणार नाही. त्या महिन्यात मध्ये चार दिवस सुट्टीही होती. पण पुढच्या महिन्यातही सिलेंडर उरलं आणि त्या महिन्यात सुट्टी नव्हती.

तो फर्स्ट इयरचा मुलगा दोन्ही वेळ जेवत राहिला. आज तो सेकंड इयरला आहे आणि मेस कमिटीत आहे. परवा जेवताना तो उठला, आत गेला आणि उकळत्या आमटीवर कोणी न ठेवलेलं झाकण ठेवून, गॅस बारीक करून परत आला. मी काही बोललो नाही. मावशींनी मात्र त्याच्या ताटात न मागता एक पोळी जास्त वाढली.